उलगडलेला बेडूक

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणीच ऐकलेली नाही. हैदराबादच्या पोरानं नाही, सुनेनं नाही. जिला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होती, ती तर गेलीच. तुम्हाला सांगायला बसलो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तरी खरं सांगू का—तुमच्यावरपण माझा पुरता भरवसा नाही. हे वाचून तुम्ही कुणाला सांगाल, काय म्हणाल, हेच आधी डोक्यात येतं. खोडच तशी.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एक कागदाचा बगळा. दिवस मावळायला आला होता. सरू—माझी बायको—भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हातात ताकद राहिली नव्हती, म्हणून ती सांगत होती आणि मी घड्या घालत होतो. कॅलेंडरचं जुनं पान चौकोनी कापलेलं, आणि मांडीवर ते पुस्तक. कागदाच्या घड्या घालून पाखरं, बेडूक, डब्या, फुलं कशी करायची, त्याचं जुनं पुस्तक. गोंद नाही, कात्री नाही, नुसत्या घड्या. टोकाला टोक लावा, म्हणायची. नखानं दाबा. मी जोर लावला तर म्हणली, "कागद हाय त्यो. म्हशीला दावं बांधायलाव का?" बगळ्याची मान वाकडी झाली. म्हणली, आसू द्या, म्हातारा बगळा हाय, तुमच्यासारखा.

मी हसलो. ती पण हसली.

मग ती आणखी एक बोलली. ते सांगतो—पण आधी दुसरं सांगावं लागंल. आधी रत्नाक्काचं सांगावं लागंल. कारण मी वाटोळं केलं ते तिचं.

मी संशयी माणूस आहे. आजचा नाही, पहिल्यापासून. दुकानातून गूळ आणला तर घरी पुन्हा तोलायचा. सोयाबीन घालायला औरादला गेलो तर काट्याकडं कमी आणि काटेवाल्याच्या पायाकडं जास्त बघायचा. त्यात मला कधी चूक वाटली नाही. आमचे बाप मेंढरं राखायचे. लांडग्याच्या भ्यानं रात्र जागायची सवय रक्तातच—असं मी लोकांना सांगायचो. पण घरात कुठला लांडगा होता?

रत्नाक्का आमच्या गावातली. बुद्धविहाराच्या मागं तिचं पत्र्याचं घर. नवरा लवकर गेला. सारं आयुष्य अंगणवाडीत लेकरं सांभाळली आणि मग वय झालं म्हणून घरी बसली. ते पुस्तक तिचं. औरादच्या बाजारात रद्दीवाल्याकडं मिळालेलं, वरचं पान फाटलेलं. अंगणवाडीतल्या लेकरांना त्यातलंच करून दाखवायची. घरी बसल्यावर हाताला चैन पडंना, म्हणून तिनं आमच्या सरूला शिकवायला घेतलं. दुपारची भांडी झाली की सरू तिकडं. तिथंच च्या प्यायची, तिथंच हसायची. आमच्या आईच्या काळात त्या गल्लीतलं पाणी आमच्यातलं कुणी पीत नव्हतं. सरू प्यायली. मी वरून काही बोललो नाही. आतून बोललो.

एक दिवस ती घरात कॅलेंडरचं पान फाडत बसलेली दिसली. काय करतीस, हेसुद्धा मी विचारलं नाही. म्हातारपणी कागदाचा पसारा मांडायलीस का म्हणून ओरडलो. त्या दिवसापासून तिनं ते माझ्यापुढं केलं नाही. लपवायला लागली. मी आलो की हात पदराखाली. आता बघा—लपवायला मीच लावलं, आणि लपवती म्हणून संशयपण मीच घेतला. ह्याला काय म्हणायचं?

मग पिठाच्या डब्यामागं मला कागदाची एक घट्ट घडी सापडली. खिडकीच्या फटीत एक. म्हशीच्या गोठ्यात, गव्हाणीच्या बुडाला, एक. चार पायाचं, बसकं, काहीतरी. बेडूक होता तो. आज मला दिसतो बेडूक. तेव्हा दिसला नाही. तेव्हा मला दिसली बांधलेली चिठ्ठी.

आणि वाकळांच्या चळतीखाली ते पुस्तक. सरू बाहेर गेल्यावर मी ते काढलं. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. आत अक्षरं थोडी, तीपण इंग्रजी. बाकी नुसत्या आकृत्या. चौकोन, चौकोनात फुली, फुलीत त्रिकोण. तुटक तुटक रेघा. बाण. कागदाची एक बाजू काळी, एक पांढरी. पान उलटावं तर तीच आकृती, थोडी बदललेली. मी पुस्तक मिटून टाकलं. असलं मी एकदाच बघितलं होतं, लहानपणी, एका जाणत्या मांत्रिकाकडं—तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं यंत्र.

आमच्याकडं भानामती म्हणतात. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, पेटीतल्या कपड्याला आपोआप आग लागते, असं म्हणतात. मी कधी बघितलं नाही. बघितलं म्हणणारे मात्र लई बघितले. त्यात आमच्या म्हशीचं दूध आटलं होतं. ती म्हातारी झाली होती, हे मला माहीत होतं. ढोरातला माणूस मी, मला नाही कळणार? पण त्या दिवशी मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात च्या पिताना मी बोललो. लई नाही. आवाजपण चढवला नाही. रत्नीकडं एक पुस्तक हाय, कागद बांधून घराघरात ठिवायलीय, माझी म्हैस आटली—एवढंच. एवढं बोलून मी बशीतला च्या संपवला. एकानं मान हलवली.

इथं थांबून एक सांगतो. असल्या बाईचं काय होतं, हे मला माहीत होतं. आमच्या भागात आधी भानामतीच्या बाईचे दात पाडायचे, मंत्र म्हणता येऊ नये म्हणून. ही पुराणातली गोष्ट नाही. तोंडाचं बोळकं झालेली अशी एक बाई मी जवान असताना शेजारच्या गावात बघितलेली. हे माहीत असून मी बोललो. आणि पाटलाच्या घरची बाई असती तर बोललो असतो का? नसतो. त्या गल्लीतली होती म्हणून जीभ सैल सुटली. आणि लोकांनी लगेच खरं धरलं, तेपण त्याच्यामुळंच.

आता त्याच्यापुढचं. हे जास्त वाईट आहे.

दोन-तीन दिवस गेले असतील. मी गोठ्यात एकटा होतो. तो बेडूक मी लिंबाच्या पाल्यात गुंडाळून गोठ्यातच ठेवला होता—फेकायचं भ्याव वाटत होतं. त्या दिवशी म्हणलं, उलगडून तरी बघावं. आत केस असतील, नख असंल, कुंकू असंल, कुणाचं नाव असंल. माझं नाव असंल. एक एक घडी सोडवत गेलो. शेवटची घडी सुटली आणि हातात राहिलं सोयाबीनच्या बियाणाचं जाहिरातीचं पान. आत काहीसुद्धा नाही. फक्त घड्यांच्या खुणा. चौकोनात फुली, फुलीत त्रिकोण. पुस्तकातल्या रेघा. त्या रेघा म्हणजे कागद कुठं दुमडायचा, त्या जागा होत्या.

म्हणजे मला कळलं. कुणी सांगावं लागलं नाही. त्याच सकाळी मला पुरतं कळलं की हा लेकरांचा खेळ आहे.

हॉटेल घरापासून किती लांब? हाक मारली तर ऐकू जातं. तिथं जाऊन म्हणायचं होतं, गड्यांनो, माझी चूक झाली, ती कागदाची बेडकं हायेत. लोक हसले असते. ह्या वयात बेडकाला भ्यालास का अप्पा, म्हणले असते. महिनाभर मला बेडूक म्हणले असते. त्या हसण्याला मी भ्यालो. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

तो कागद पुन्हा दुमडायला गेलो, जमलं नाही. वळचणीला खोचून टाकला. संध्याकाळी बघतो तर सरू गोठ्यात खाली बसलेली, तो कागद मांडीवर. पडलेल्या खुणांवरून तिनं त्याचा पुन्हा बेडूक केला आणि माझ्यासमोर कोनाड्यात ठेवला. माझ्याकडं बघितलं.

तवापासून माझा एक संशय आहे. तिला कळलं होतं का? नुसतं मी बेडूक उलगडला एवढंच कळलं, का सगळंच?

इकडं गावात सुरू झालं. रत्नाक्कानं नळाला हात लावला की बाया तोटी धुवायच्या. तिच्या दारात राख आणि लिंबू पडायला लागलं. रात्री पत्र्यावर दगड. ज्या लेकरांना तिनं हगलं-मुतलं काढून वाढवलं, त्यांच्या आया लेकरांना पदराखाली घेऊन रस्ता बदलायच्या. एक दिवस पारावर कुणीतरी म्हणलं, एकदा दात मोजून बघावं लागतेत बाईचे. सगळे हसले. मी तिथंच होतो. हसलो का? ओठ हलले असतील. मला नक्की आठवत नाही—नाही, आठवतं. हसलो.

त्याच आठवड्यात ती संतपूरला भावाकडं गेली. जाताना पुस्तक सरूकडंच ठेवून गेली.

सरू तिला गाडीत बसवून आली. येऊन चुलीपुढं बसली, पण चूल पेटवली नाही. मग मला म्हणली, "कोण बोललं आसंल वो?"

"मला काय म्हाईत. लोक बोलतेत."

एवढंच आमचं बोलणं. त्याच्यानंतर तिनं परत कधी विचारलं नाही. त्याचीच मला जास्त धास्ती. ज्या बाईला माहीत नसतं ती पुन्हा पुन्हा विचारती. हिनं एकदाच विचारलं.

पुढं वर्षं गेली. ती एकटीच घड्या घालत बसायची, आता माझ्यासमोर. एकदा म्हणली, "सारी पुस्तकं मला बंद हायेत, हे एक वाचता येतंय." मी खाली मान घालून तंबाखू मळत राहिलो. संतपूर काय लांब नव्हतं. पण मी तिला कधी घेऊन गेलो नाही, आणि तीपण न्या म्हणली नाही. मग ती आजारी पडली. उदगीरचा दवाखाना झाला. तिथून घरी न्या म्हणून सांगितलं. तेव्हा मी तिच्याजवळ बसायला लागलो, आणि तिची बोटं चालंनात म्हणून माझी चालायला लागली. बगळा मला तिनं शिकवला. म्हणजे रत्नाक्कानंच शिकवला म्हणायचा.

आता ते, जे ती त्या संध्याकाळी बोलली.

बगळा तिच्या उशाशी ठेवला आणि मी दिवा लावायला उठलो. मागून म्हणली, "मी गेल्यावर रत्नाक्का येईल. तिला आडवू नका."

मी म्हणलो, "कामून आडवीन?"

"तसंच म्हणलं," म्हणली.

तसंच म्हणलं. हे शब्द मी किती वेळा घोळवले असतील? तिला माहीत होतं, असं धरलं तर इतकी वर्षं ती माझ्या ताटात भाकरी कशी वाढत होती? माहीत नव्हतं, असं धरलं तर हेच कामून सांगितलं? मी व्हय म्हणलो. तिच्याकडं बघून म्हणलो, आडवणार न्हाई. पहाटेला ती गेली.

सकाळी घर भरलं. बायांनी तिला आंघोळ घातली, हळदी-कुंकू लावलं, हिरवं लुगडं नेसवलं. नवऱ्याआधी गेली, भाग्याची म्हणत होत्या. उन्हं अंगणात आली तेव्हा फाटकाशी ऑटो थांबला. रत्नाक्का उतरली. तिला सांगावा कुणी धाडला, मला ठाऊक नाही. लई वाळली होती. हातात काही नव्हतं. पदर डोक्यावर घेऊन सरळ आत यायला निघाली, आणि अंगणातला गलका एकदम बंद पडला.

शेजारची म्हातारी माझ्या कानाशी आली. म्हणली, "अप्पा, ती आलीय. मढ्याजवळ जाऊ द्यायची का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हैदराबादहून नुकताच पोचलेला पोरगापण. घरधनी मी. येऊ दे म्हणलो असतो तर कुणाची छाती नव्हती आडवायची. पण येऊ दे म्हणलं की कुणीतरी विचारणार—अप्पा, तुमची म्हैस आटली म्हणत होतात, मग आता कसं? आणि मग सगळं काढावं लागलं असतं, सरूपुढं. ती काय ऐकणार होती? तरी तिच्यापुढंच.

"भाईरच थांबीव तिला," मी म्हणलो.

मोठ्यानं म्हणलो. रत्नाक्काला ऐकू गेलं. ती होती तिथंच थांबली. भांडली नाही, रडली नाही. दोन पावलं मागं सरून फाटकाला लागून उभी राहिली. ऊन तिच्या डोक्यावर आलं. कुणी तिला पाणी विचारलं नाही. मीपण नाही.

तिरडी उचलली. लोक 'अप्पा, तुम्ही नका' म्हणत असताना मी खांदा दिला, उजव्या अंगाला. फाटक जवळ आलं तसं माझ्या ध्यानात आलं, रत्नाक्का उजव्याच अंगाला उभी आहे, हात जोडून. तिच्या अंगाला घासून जावं लागणार. मी पुतण्याला म्हणलं, खांदा बदल. आणि तिरडीच्या मागून फिरून डाव्या अंगाला गेलो. मधी सरू होती. रत्नाक्काचं तोंड मला दिसलं नाही.