ब गट

माझ्या तोंडात छातीचं कातडं आहे. डाव्या गालाला आतून तेच लावलंय. छातीवर केस होते, म्हणून आता गालाच्या आतही केस येतात. हे सांगितलं की ऐकणारा तोंड फिरवतो. फिरवू दे. चाळीस वर्षं डाव्या गालात तंबाखू धरली ती मीच धरली, कुणी हात धरून लावली नव्हती. अर्धा जबडा गेला. कारखान्याच्या वार्षिक सभेत मला माईक लागत नव्हता, पार मागच्या रांगेला ऐकू जायचं. आता चहा मागितला तर बायको दोनदा विचारते, काय म्हणालात?

ऑपरेशन बारामतीला झालं. नंतरचा किरणांचा शेकही तिथंच घेतला. तो संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी एक दिवस समोर बसवलं. वयानं माझ्या थोरल्या नातीएवढी, पण बोलताना नजर हटवायची नाही. म्हणाली, "आजोबा, गाठ काढली तरी हा आजार परत येऊ शकतो. येऊ नये म्हणून एक नवा उपाय तपासून बघतोय. तुमच्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी काढायच्या, पुण्याच्या लॅबमध्ये त्यांची संख्या वाढवायची आणि सलाईनमधून परत तुम्हालाच द्यायच्या. कुठं मूळ राहिलं असलं तर त्या मारतील, असा अंदाज आहे."

ऊस तोडला तरी बुडखा फुटतो, हे मला कुणी शिकवायला नको. आणि वाढवायचं बेणं माझंच, दुसऱ्याचं नाही, हे तर फारच पटलं. मी म्हणालो, "कधी द्यायचं रक्त?"

तिनं आधी कागद वाचून दाखवला. चांगली सात-आठ पानं होती. मी चौथी शिकलेला. दुसऱ्या पानावरच माझं ध्यान उडालं, पण पोरीसमोर समजलं नाही म्हणायची लाज. मान हलवत राहिलो आणि सही केली. अंगठा नाही, सही.

पुढच्या खेपेला ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही ब गटात आलात."

आमच्या इंदापूर तालुक्यात गट म्हटलं की एकच अर्थ. तू कुणाच्या गटाचा? ह्या प्रश्नावर सोयरिकी होतात आणि मोडतात. मी एका गटात जन्म काढला. पडत्या काळात माणसं रातोरात तिकडं गेली, मी गेलो नाही. त्या माणसाला ही सांगतेय, तू ब गटात.

"कुणी घातलं मला?"

"कुणी नाही. मशीननं, नाणं उडवल्यासारखं. अ गटाला पेशी द्यायच्या, ब गटाला नेहमीचे उपचार आणि दर महिन्याला तपासणी. दोन्हीकडची तुलना केल्याशिवाय कळणार कसं, उपयोग होतो की नाही?"

"मशीनवर बोट कुणाचं व्हतं?"

ती हसली. तिला वाटलं म्हातारा गंमत करतोय.

मी बाहेर आलो तर समोर निरवांगीचा एक जण. माझ्याच वयाचा, त्याचाही जबडा गेलेला, पण उजवा. कारखान्याच्या निवडणुकीत तो समोरच्या पॅनेलचा, मतदानाला आमच्यासमोर टेबल टाकून बसायचा. त्याला लागलं होतं सलाईन. मला बघून अर्ध्या तोंडानं हसला.

"तात्या, कुठला गट?"

मी हातातला कागद खिशात कोंबला.

"ब व्हय? आरं आरं. या की मग आमच्या गटात! हितं पेशी मिळत्यात." आणि शेजारच्या नर्सबाईला म्हणतो कसा, "सिस्टर, ह्यांना गट बदलायची सवय न्हाय बरं का."

मजाक होती, हे आज कळतं. त्या दिवशी अंगाची आग झाली. माझ्या डोक्यात सगळं जुळलं. तो अ, मी ब. हॉस्पिटलात कुणीतरी त्यांचा माणूस असणार. दुसरं काय?

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "अवं, तुमाला काय मत द्यायला बोलवलंय व्हय तितं? बाई तपासतीया, तपासून घ्या आन् गप घरी या."

"तुला न्हाय कळायचं त्यातलं."

"व्हय, कळायचं समदं तुमालाच."

मी निमगाव केतकीला गेलो, आमच्या एका संचालकाकडं. त्यांनी काही न विचारता लेटरहेडवर लिहून दिलं, सदर गृहस्थ आपले जवळचे असून त्यांना अ गटात सामावून घ्यावे. खाली सही, शिक्का. ते पाकीट मी छातीशी धरून एसटीनं बारामतीला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी वाचलं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, हे चिठ्ठीवर चालत नाही. आणि अ गटाला फायदा होतोय का, हे अजून मलाही माहीत नाही."

"मंग माझं नाव काढा."

"काढते, तो तुमचा हक्क आहे. पण तपासणी चुकवू नका. नाव असो नसो, मान बघावीच लागते, गाठ तिथं येऊ शकते."

"ज्यांची नावं हायत त्यांच्या बघा."

मी निघून आलो. त्यानंतर हॉस्पिटलचा फोन आला की बंद करायचो. एकदा बाई स्वतः बोलली, "गटाचं सोडा, नुसती मान दाखवून जा." मी म्हणालो, "मान आमची हाय, आमी बघू." फोन ठेवून मला बरंच वाटलं, चांगलं उत्तर दिलं म्हणून. शेजाऱ्याला बोलूनसुद्धा दाखवलं.

पाचव्या महिन्यात दाढी करताना कानाखाली हाताला काहीतरी लागलं. लिंबाच्या बीएवढं. दाताचं असेल म्हणालो, आणि त्या बाजूला दात नाहीत हे मलाच माहीत होतं. गळ्याला मफलर गुंडाळायला लागलो. बायको म्हणाली, एवढ्या उकाड्यात? म्हटलं, वारं बाधतंय. बी वाढलं. मी आणखी घट्ट गुंडाळलं.

निमगावच्या बाजारात निरवांगीवाला भेटला. मला वाटलं, पेशी घेऊन ठणठणीत झाला असेल. तर त्याच्या मानेवर नवा वण, कानापासून खाली गळ्यापर्यंत.

"आबा, हे काय?"

"परत आलं की. पेशी कुठं झोपल्या हुत्या कुणाला ठावं." तो भाजीची पिशवी खाली ठेवून बोलायला लागला. "पर बाईच्या हाताला लागलं, हरभऱ्याएवढं असताना. लगेच काढलं. कळस गावचा एक हाय, तो तुमच्या ब गटातला. त्याचंबी तसंच धरलं, तोबी बरा हाय. दोनी गटांना त्योच हात लागतोय, तात्या." मग माझ्या मफलरकडं बघत राहिला. त्याच्या तोंडातून त्या दिवशी टोमणा आला नाही. तो आला असता तर मी तिथंच वळलो असतो आणि गेलो नसतो.

दुसऱ्या दिवशी बारामतीला गेलो. बाईनं मफलर सोडला, बोटं फिरवली, थांबली. मशीनमधून आतले फोटो काढले. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली होती. आता कापता येत नाही, म्हणाली. सलाईनमधून औषध देऊ, जेवढं आटेल तेवढं. मी विचारलं, आधी आलो असतो तर? ती म्हणाली, "काढता आली असती, बहुतेक." बहुतेक हा शब्द तिनं माझ्यासाठी घातला, एवढं मला समजतं.

चूक माझी हे मी लिहून देतो. पण एक सांगतो. आमच्या मुलखात माणसांना गटात घालू नका. वाफा म्हणा, रांग म्हणा, काहीही म्हणा. हे मी बाईलाही सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं. पुढं काय केलं माहीत नाही.

आता मी तीन आठवड्यांनी औषधाला जातो. माझी खुर्ची दाराजवळ असते, आणि त्याच दिवशी तपासणीची माणसं येतात. अ आणि ब एकाच बाकावर बसतात. ओळखूही येत नाहीत कोण कुठला. बाई एकेकाला आत घेते, मानेवरून दोन्ही बाजूंनी हात फिरवते, तोंड उघडायला लावते, बॅटरी मारते, जा म्हणते. ती जातात, जाताना बाहेर वडापाव खाऊन एसटी धरतात. सलाईन ठिबकत असतं, म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसतो. एका माणसाला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.