सकाळचा पहिला फोटो

गल्लीत तिला सगळे फोटोवाल्या बाई म्हणत. ओळखपत्राचा फोटो काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण लॅपटॉपचं नाव काढलं की तिला धडकी भरायची. धाकट्या जावेने त्यातलं विंडोज काढून लिनक्स घालून दिलं होतं, आता व्हायरसची कटकट संपली म्हणून. व्हायरस आले नाहीत हे खरं, पण दर अपडेटनंतर काहीतरी नवं दुखणं निघायचं, आणि जाऊ पडली दुसऱ्या गावी.

दुकान उघडलं की पहिला फोटो नवऱ्याचा. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तो दुकानातच असे. गिऱ्हाइकांच्या कॉलरी सरळ करायच्या, छापलेले फोटो कापायचे आणि रोज सकाळी स्टुलावर बसून प्रकाश तपासायला तोंड द्यायचं, ही त्याची नवी नोकरी.

त्या सकाळी तिने फोटो पडद्यावर उघडला. नवरा पिवळा दिसत होता. कपाळ, गाल, सगळंच, आणि डोळ्यांतलं पांढरं तर जुन्या वर्तमानपत्रासारखं. मग तिला आठवलं की आदल्या संध्याकाळी अपडेट झालं होतं. मेलं बिघडलं पुन्हा, असं म्हणत तिने जावेला फोन लावला.

जाऊ शांत स्वभावाची. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय चालू राहिली नाही ना, तिने विचारलं. नव्हती. मग फोटो छापून बघायला सांगितलं. तोही पिवळाच निघाला. मग म्हणाली, फोटोचा प्रोग्राम टर्मिनलमधून सुरू करा. त्या काळ्या खिडकीला ही विंचवाला भ्यावं तशी भ्यायची. एक अक्षर चुकलं की सगळे फोटो पुसले जाणार, अशी तिची पक्की खात्री. जीव मुठीत धरून तिने सांगितलेली ओळ टाइप केली, फोनवर दोनदा वाचून दाखवली आणि डोळे मिटून एंटर दाबलं. भराभर ओळी सरकल्या. त्यातली एक कामाची निघाली: ‘टवटवीत’ नावाचा प्रीसेट नव्या आवृत्तीला वाचता आला नव्हता.

हा प्रीसेट, म्हणजे रंग सुधारायची ठरवून ठेवलेली मांडणी, तिनेच बनवलेला. फोटो आत आला की आपोआप लागायचा, चेहऱ्यावरचा पिवळेपणा उतरवायचा, डोळे उजळायचा. दोन वर्षांत त्याच्याशिवाय एकही चेहरा दुकानाबाहेर पडला नव्हता. गल्लीतली निम्मी माणसं ओळखपत्रावर दिसतात तशी घरी दिसत नाहीत याचं पाप तिच्या माथी होतं, आणि तिला त्याचा चांगलाच तोरा होता.

रोग सापडला, तिचा जीव भांड्यात पडला. प्रीसेट नव्याने बनवू, मूळ फोटोंना काही होत नसतं, ते होते तसेच राहतात, असं जाऊ समजावत होती. तोवर खात्रीसाठी दुसऱ्या कुणाचा फोटो काढून बघा म्हणाली. दुकानात दुसरं कोण? कॅमेऱ्याला टायमर लावून ही स्वतःच स्टुलावर बसली.

फोटो आला. डोळ्यांखाली काळं, गालावर वांग, सगळं उघडं पडलेलं. पण डोळे पांढरे होते. भिंतही पांढरी होती.

नवऱ्याचे रोजचे फोटो तारखेनिशी ठेवलेले होते. ती एकेका तारखेचा, प्रीसेट लागण्याआधीचा मूळ फोटो उघडू लागली. महिन्याच्या सुरुवातीला डोळे स्वच्छ होते. आठवड्याने कडेला किंचित मळकट. त्यानंतर दर दिवशी थोडे आणखी. मशीनच बिघडलेलं असू दे, ती मनात म्हणत होती, हवं तर सगळं पुसलं जाऊ दे, पण बिघाड लॅपटॉपमध्येच निघू दे.

काय झालं, पुन्हा एरर आली का, जाऊ विचारत होती.

“लॅपटॉप ठीक आहे गं,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

नवरा आतून दंड खाजवत आला. पंधरा दिवस अंगाला खाज सुटत होती आणि दोघांनी मिळून नव्या साबणाला शिव्या घातल्या होत्या. तिने त्याला हाताला धरून दाराशी उजेडात उभं केलं, डोळ्याखालची कातडी बोटाने खाली ओढली आणि बघितलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात आपण या माणसाकडे असं कधी निरखून बघितलं होतं, हे तिला आठवेना.

“अहो, हे कधीपासून?”

“तीन आठवडे झाले असतील,” तो म्हणाला. “ दाढी करताना दिसलं. लघवीही गडद होते.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“घाबरलो होतो गं. पण मग दुकानात येऊन तुझ्या पडद्यावर बघायचो. तिथे डोळे अगदी पांढरेशुभ्र. म्हटलं, मोरीतला दिवाच पिवळा असेल. तुझा फोटो कशाला खोटं बोलेल?”

त्याला चपला घालायला सांगून तिने पिवळा फोटो पिशवीत टाकला आणि डॉक्टरकडे जायचं म्हणून शटर ओढलं. कुलूप लावायचं तिला सुचलंच नाही, ते त्यालाच लावावं लागलं.