कुंडांकडे जाणारे बाण

आमच्या गल्लीतला पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवतो. अक्षर असं, की दुकान बंद पडलं तरी पाटी उतरवायला मालकाचा जीव होत नाही. स्वभाव मात्र दिखाऊ. दारावर नुसतं 'ढकला' लिहायचं असलं तरी हा अक्षरांना सावली देणार आणि कोपऱ्यात सही ठोकणार.

त्याची ताई शिवणकाम करते. लहानपणी तिची पाठ भाजली, मानेपासून कमरेपर्यंत. तेव्हापासून बंद गळ्याचेच कपडे, तेही स्वतः शिवलेले. पोहायची भारी हौस, पण चारचौघांत पाण्यात उतरायचं नाव नाही. मग पेंटरला डोंगरात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, कातळात तयार झालेली कुंडं सापडली. तिथे चिटपाखरू नसायचं. सुट्टीला दोघं चढून जायची. हा खडकाआड पाठ करून बसायचा आणि ताई मनसोक्त डुंबायची. उतरताना तिची बडबड थांबायची नाही.

एकदा ती एकटीच गेली आणि धुक्यात वाट चुकली. संध्याकाळी गुडघे फोडून घरी आली. दुसऱ्या दिवशी हा डबा-ब्रश घेऊन डोंगरावर. दुसऱ्या कुणी बोटभर ठिपके दिले असते. पण हाताची खोड जाते कुठे? हातभर लांब पांढरे बाण, लाल किनार, वर सावलीसुद्धा! अहो, आंधळाही पोचला असता.

आणि पोचलेच की सगळे. बघता बघता कुंडांवर झुंबड उडाली. गाणी काय, साबण काय, खाऊची पाकिटं काय. ताई वर गेली आणि लांबूनच माघारी फिरली. भावाला म्हणाली, "बाण छान काढलेस हं," आणि मशीनवर बसली.

"त्यापेक्षा मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं," पेंटर मला म्हणाला. त्याला अन्न गोड लागेना. टर्पेंटाइनने घासून पाहिलं, पण खरबरीत दगडात मुरलेला रंग निघेना. शेवटी हातातली कामं सोडून त्याने प्रत्येक बाणावर कातळच रंगवला. करडा रंग, थोडं शेवाळ, मधे भेगा. कुणाला दिसू नये म्हणून त्याने जन्मात पहिल्यांदाच ब्रश धरला होता. सही केली नाही. हळूहळू वर्दळ ओसरली.

मग एका कामाच्या दिवशी तो सकाळीच ताईला घेऊन गेला. कुंडांवर कुणी नव्हतं. हा नेहमीसारखा खडकाआड बसला. बराच वेळ पाणी वाजेना.

"ताई, उतर की. कुणी नाहीये."

"माहितीये रे."

"मग? वळू का मी?"

"वळ."

ती काठावर बसली होती. गळ्यापर्यंत बटणं लावलेली, पाय तेवढे पाण्यात, नजर वाटेवर.

"कुणी आलं तर?" ती म्हणाली.

पेंटर उठला. जिथे शेवटचा बाण काढला होता त्या वळणापर्यंत उतरला, आणि वाट अडवून, वरच्या पाण्याकडे कान लावून उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं तरी वरून काही ऐकू आलं नाही.