कामतघरची कावीळ आणि डबीवाली मी

डॉक्टरबाईंच्या कामाचे कागद मुंबईला गेले. किस्से मात्र इथंच राहिले, माझ्याकडं. चार बायका भाजी निवडायला बसल्या की कोणीतरी म्हणतंच, "कमळे, डबीचं सांग!" मग एकातून दुसरा निघतो, आणि भाजी राहते तशीच!

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. डॉक्टरबाई लिव्हरच्या नि पोटाच्या आजारांवर संशोधन करायच्या. कामतघरला आमच्या चाळीतून कावीळ हटत नव्हती, म्हणून त्यांनी तिथंच एक खोली घेतली. घरोघरी डब्या वाटायच्या आणि सकाळी संडासचे नमुने गोळा करायचे, त्याला बाई हवी होती. मी गेले. चौथी पास.

"घाण वाटणार नाही ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"चार पोरं वाढवलीत. घाण तुम्ही मला शिकवणार?"

दुसऱ्या दिवसापासून ड्युटी चालू!

*

पहिल्याच आठवड्यात एका खोलीतल्या, लूमवर कापड विणणाऱ्या सहा कामगारांच्या सहा डब्या आल्या. मी खूश! डॉक्टरबाईंनी मायक्रोस्कोपमधून एकेक बघितली आणि डोकं धरलं. सहाही डब्यांत तेच जंत, तेच न पचलेले जिरे.

मी तडक खोलीवर. रामधनी एकटाच होता, बाकीचे शिफ्टला.

"क्यों रे, ये सब किसका है?"

तो छाती काढून म्हणाला, "मौसी, सब लोग ड्यूटी पे थे. मैंने सबका कर दिया!"

*

मागच्या चाळीतली सात महिन्यांची पोटुशी बाई काविळीनं गेली, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं.

"गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट. तुमची शोभा बाळंतपणाला येणार ना? आणू नका तिला."

"पहिलटकरीण हाय. माहेरी नाही तर कुठं जाईल? सासू तिला अजून शेतात राबवते."

"पण इथलं पाणी..."

"पाणी तुम्ही बघा, माणसं मी बघते. लेक येणार!"

त्या दिवसापासून मी डबी मागायची सोडली. दारात बसायची, ती भरलेली डबी घेऊनच उठायची.

*

"पाणी उकळून, गार करून प्या," असं मी घसा फोडून सांगत फिरले. शेजारच्या जुबेदाखालांनी लगेच ऐकलं. तरी त्यांच्या घरात दोघांचे डोळे पिवळे!

"खाला, उकळलं होतं ना?"

"अगं, खळाखळा!"

"मग गार कसं केलं?"

"त्यात काय? वरून दोन तांबे नळाचं घातलं!"

*

मानकोलीला एक म्हातारा काविळीची माळ घालायचा. माळ डोक्यावरून लांबत पायापर्यंत आली की कावीळ उतरली, असं लोक मानायचे. आमच्याकडं तपासायला रक्त द्यायला कुत्रं येईना, त्याच्याकडं रांग! मी डॉक्टरबाईंचं टेबल उचललं नि त्याच्याच ओटीवर टाकलं.

म्हातारा भडकला. मी म्हटलं, "बाबा, माळ तुमची, रक्त आमचं. भांडण कशाला? नाहीतर उद्यापासून मी इथंच ओरडत बसते."

त्यानं मला वरखाली बघितलं, आणि रांगेला दम भरला, "आधी सुई टोचून या रं! रक्त दिल्याबिगर माळ वाढायची न्हाय!"

*

सगळं तपासून डॉक्टरबाई म्हणाल्या, रोग नळातून येतोय. पाण्याची जुनी लाइन संडासामागच्या गटारातून जायची. पण चाळमालक बाबूशेठ खोदायला तयार होईनात.

"पाइप शाबूत हाय. खोदलं तर लूमवाले पाण्यावाचून पळतील!"

शोभा यायला आठच दिवस राहिले होते.

डॉक्टरबाईंनी मुंबईहून हिरवा रंग आणला. पोटात गेला तरी अपाय नाही, पण दिसतो ठसठशीत. संध्याकाळी नळ गेल्यावर तो आम्ही गटारात ओतला. पाइप फुटका असेल, तर सकाळी रंग नळाला येणार. मी दारोदार सांगितलं, उद्या पहिलं पाणी घेऊ नका. शेठच्या बंगल्यावरही गेले; त्याच लाइनचं पाणी तिथं चाळीच्या आधी पोचायचं.

शेठ हसले. "चाळीचं चाळीत बघा, बाई. माझं पाणी एकदम स्वच्छ हाय!"

सकाळी सगळी चाळ रिकाम्या बादल्या घेऊन नळापाशी. नळ सूं सूं करायला लागला, तेवढ्यात बंगल्याकडून बाबूशेठ आले. बनियनवर. अर्धी दाढी झालेली, उरलेल्या गालावर फेस. पोपटासारखा हिरवागार!

डॉक्टरबाईंनी तोंडाला पदर लावला.

शेठ माझ्यासमोर येऊन थांबले.

"कुदळ कुणाकडं हाय?"