एका यंत्रात दोन संसार

दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या लॅपटॉपवर सूचना आली की हे यंत्र विंडोजच्या नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही. त्याच आठवड्यात आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी नवाकोरा लॅपटॉप आणला.

आमच्या जानेफळ गावात नवी वस्तू पूजेशिवाय वापरात येत नाही. शिक्षक खोलीत टेबलावर लॅपटॉप, अगरबत्ती, नारळ, पेढे. मुख्याध्यापकांनी तंत्रयुगावर छोटं भाषण करून घेतलं. विज्ञानाच्या सरांनी पडद्याच्या वरच्या कडेला, मधोमध, कुंकवाचं बोट टेकवलं. नेमका तिथेच कॅमेरा होता. पुढच्या ऑनलाइन प्रशिक्षणात सर लाल धुक्यातून हजेरी देत होते. मला फार बरं वाटलं, पण ते सुख टिकलं नाही.

"सराव परीक्षेचे पेपर यंदा विज्ञानवाल्या सरांकडे देऊ," मुख्याध्यापक मला म्हणाले. "तुमच्या मशीनचा आता काय भरवसा?"

शाळेचे सगळे पेपर मी टाइप करायचो. पदरात काही पडत नसे; पण पेपरच्या दिवसांत लोक माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात बोलत. ते आता दुसऱ्या टेबलापाशी बोलणार होते. पूजेचा पेढा मी खाल्ला होता. तो चांगला होता, याचाही आता राग यायला लागला.

मग मी हट्टाला पेटलो. विंडोजऐवजी चालणारं, फुकटात मिळणारं लिनक्स पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि एका रविवारी लॅपटॉपची डिस्क दोन भागांत वाटली. एकीकडे जुनी विंडोज ठेवली, कारण मराठी टायपिंगचं आमचं जुनं सॉफ्टवेअर फक्त तिच्यावरच चालायचं. व्हायरसचा धोका नको म्हणून तिचं इंटरनेट कायमचं तोडलं. दुसरीकडे लिनक्स, बाहेरच्या जगाशी व्यवहाराला. वायफाय रुसलं, तेव्हा मोबाइल वायरने जोडून त्याची समजूत काढली. आता यंत्र सुरू केलं की आधी विचारायचं, दोघांपैकी कोण?

सोमवारी शाळेत ते दाखवलं.

"म्हंजे एका घरात दोन सुना!" चित्रकलेचे सर म्हणाले. "पटते का त्यायचं?"

"एक उठली की दुसरी झोपलेली असते," मी म्हटलं.

"मंग पटतेच."

तेवढ्यात मुख्याध्यापकांनी मागच्या वर्षीचे पेपर नव्या लॅपटॉपवर उघडायला लावले. पडद्यावर नुसती चिन्हांची रांगोळी आली. जुनं सॉफ्टवेअर त्या यंत्रावर बसेना. माझ्याकडे तेच पेपर स्वच्छ मराठीत उघडले. मुख्याध्यापकांनी यंदाच्या हस्तलिखित पेपरांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी सुखी झालो असतो. पण विज्ञानाचे सर खुर्ची ओढून जवळ आले.

"सर, मले बी ते दुसरं टाकून द्या ना."

"तुम्हाला काय गरज? तुमचं नवं आहे."

"गरज नाही हो. पण तुमच्याकडं दोन हायेत, माह्याकडं एकच. काऊन, जमत नाही का?"

जमत नाही म्हणणं मला जमणार नव्हतं. टाकून दिलं. माझ्याकडे लिनक्स पूर्ण उठेपर्यंत चहा पिऊन होतो. त्यांच्याकडे ते कपाला हात लावायच्या आत उभं राहिलं. वायफायने तर रुसण्याचं नावच काढलं नाही.

"लय मस्त पळते हो! तुमच्यावर बी असंच पळते?"

"असंच," मी म्हटलं.

मी गणिताचा पेपर टाइप करायला घेतला. लोक येऊन माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले, पण माझे कान पलीकडच्या टेबलाकडे. तिथे सर एकेकाला बोलावून आपला वेग दाखवत होते आणि दर वेळी, न चुकता, मोठ्याने सांगत होते, "हे आपल्या सरांनी टाकून देल्लं बरं का! आपल्यात असा माणूस नाही."

माणूस निदान वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.