तिकिटाचं कापलं, असं मी सांगायचे

थांबा, बाकीचं नंतर, हे आत्ताच सांगून टाकते, कारण उद्या शहाणपण आलं की मी हे सगळं पुसून टाकीन. आमचे तात्या गेले त्याला सहा आठवडे झाले. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, बारामतीजवळ पणदऱ्यात दूध संकलन केंद्र चालवायचे. फोन आला तेव्हा मी जर्मनीतल्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत उभी होते, बूट काढून ट्रेमध्ये ठेवलेले. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तात्या गेलं." मी म्हटलं, "बरं." मागच्या माणसानं पुढं सरका म्हणून खूण केली, मी सरकले. विमानात जेवलेसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी जर्मनीत शिकायला निघाले तेव्हा तिकडं राहायला किती लागतं याचा घरात कुणालाच अंदाज नव्हता. तात्यांनी मला मोटरसायकलवर बसवून इंदापूरला एका ओळखीच्यांकडं नेलं, त्यांचा मुलगा तिकडं राहून आलेला. मी घरभाडं, आरोग्य विमा, बसचा पास असं भराभर लिहून घेत होते. तात्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिकडं दूध काय लिटर?" मुलानं सांगितलं. तात्यांनी मनात त्याचे रुपये केले. येताना बारामती मागं पडल्यावर म्हणाले, "शिकायला कशाला जाती, चार गाया घिऊन जा."

तर तिकडं असं असतं की वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच एका बंद खात्यात भरायचे आणि त्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कम आपल्या हातात येते. पहिल्या महिन्यात आली, मला वाटलं केवढे पैसे. रजई घेतली, कुकर घेतला, मैत्रिणींना जेवायला नेलं. पंधरा तारखेला भाडं गेलं, पाठोपाठ विमा गेला आणि खातं रिकामं. रडत तात्यांना फोन केला. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "तुझी चूक न्हाय पोरी. आपल्याकडं दर दहा दिवसाला दुधाचं बिल येतं, त्यातनं पेंडीचं, औषधाचं डेअरीच आधी कापून घेती. हातात यील ते आपलं. तितं उलटं हाय. पैसं आधी येत्यात, कपात मागनं."

खरंच होतं. मी जन्मभर कापून आलेलेच पैसे बघितलेले.

मग तात्या माझी डेअरी झाले. दर एक तारखेला, संध्याकाळचं दूध घेऊन झालं की केंद्रातूनच व्हिडिओ कॉल. मागं कॅनचा खडखडाट, पुढं तात्यांचं अर्धंच कपाळ. "भाडं?" "कापलं." "इमा?" "कापला." "पास?" "कापला." एकेक नाव आलं की मी ते पैसे दुसऱ्या खात्यात टाकायचे. उरलेल्याचे तीन भाग, दहा-दहा दिवसांचे. शेवटचं नाव त्यांनी स्वतःच घातलेलं. "तिकिटाचं?" यावर आमचं वाजायचं. मी म्हणायचे, "तात्या, कोर्स संपला की येणारच आहे ना, दर महिन्याला तिकिटाचं कशाला?" ते म्हणायचे, "माणसानं कवाबी निघता आलं पायजे."

दुसऱ्या हिवाळ्यात वर्गातले सगळे बर्फात फिरायला निघाले. मला जायचं होतं, फार जायचं होतं. तिकिटासाठी साठलेलं सगळं त्यात गेलं. एक तारखेला तात्यांनी विचारलं, "तिकिटाचं?" मी म्हटलं, "कापलं." एवढं सोपं होतं ते. पुढच्या महिन्यात परत तेच. मग दर महिन्यालाच. तात्या म्हणायचे, "शाणी हायस."

उन्हाळ्यात भावाचा फोन आला, तात्यांना बारामतीला दवाखान्यात ठेवलंय, जमलं तर बघून जा. त्या दिवशी माझ्या खात्यात तांदूळ आणि कांदे घेण्याइतके पैसे होते. घरी मागता आले असते, पण मग सांगावं लागलं असतं. तीन मैत्रिणींकडून थोडे थोडे घेतले, बेकरीत जादा पाळ्या केल्या. जमवायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मी त्या रांगेत होते.

पणदऱ्यात पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. काकूंनी भाकरी वाढली, समोर बसल्या आणि सहज बोलावं तशा बोलायला लागल्या. "दवाखान्यात रोज इचारायचं, पोरगी निघाली का. आमी म्हणायचो, तिकिटाचं जमाय नगं का तिला? तर आमच्यावरच चिडायचं. म्हणायचं, तुमाला काय कळतंय, तिचं तिकिटाचं कापल्यालं हाय, ती कवाच निघाली आसंल."

मी म्हटलं, "व्हय." आणि भाकरी खाल्ली.

काकूंना अजून सांगितलेलं नाही. आता परत इथं आले. एक तारखेला सवयीनं फोन समोर ठेवून बसले, तो काही वाजला नाही. मग मीच मोठ्यानं एकेक नाव घेत गेले. भाडं, विमा, पास... तिकिटाचं. या वेळी खरंच कापलं. खोलीतली मैत्रीण म्हणाली, कुणाशी बोलतेस?

तुमच्याही बाबतीत झालंय का असं? तुम्ही नुसतं "झालं" म्हणालात, आणि कुणीतरी त्याच भरवशावर तुमची वाट बघत पडून राहिलं?