मोटेचं ठिगळ
एरंडेल चोळलेल्या चामड्याचा वास आला की मला धाडजवळचा एक मळा आठवतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि मी भाड्याची मोटार चालवायचो. त्या सकाळी नवरदेवाला घेऊन रोहिणखेडला निघालो, तर वाटेत स्टिअरिंगच्या डब्याच्या झाकणाखालचं, तेल अडवणारं गॅस्केट फाटलं. तेल सडकेवर गळत होतं आणि हातातलं चाक जड झालं होतं. अशा गाडीने राजूरचा घाट उतरायची माझी हिंमत नव्हती. शेजारच्या मळ्यात एक माळी विहिरीवर मोट हाकत होता. आपली मोट सांधायला ठेवलेलं चामड्याचं ठिगळच त्याने आणून दिलं. "घ्या भाऊ, नवरदेवाले खोळंबा नोका करू." मी डब्याचं झाकण त्यावर ठेवून चामडं कापलं, भोकं पाडली, बोल्ट आवळले आणि त्याच्याच बंडीच्या चाकांना घालायचं एरंडेल आत ओतलं. घाटात एक थेंब गळला नाही. दुसऱ्या दिवशी परतताना लग्नातली बुंदी द्यायला थांबलो, तर त्याची मोट वर येईस्तोवर निम्मी रिकामी होत होती. मी ओशाळलो. आता तिथे मोट नाही, माझ्या हातात चाक नाही. पण बैल वळवता वळवता तो जे बोलला ते अजून कानात आहे. "गळू द्या ना भाऊ. माह्यं पानी माह्याच हिरीत पडते. तुमचं तेल सडकेवर पडत होतं."